एक घर, एक टीव्ही, चार रिमोट
सुटसुटीतपणाचे तंत्र वीस वर्षांपूर्वीच आले. अडले आहे ते बॉक्स कोणाचा, या प्रश्नावर

प्रतिनिधी
मुंबई

अंधेरी ते बोरिवली असो वा घाटकोपर ते मुलुंड, उपनगरांतील मध्यमवर्गीय घरात टीव्हीसमोर तीन-चार रिमोट मांडलेले आज सहज आढळतात. एक टीव्हीचा, दुसरा केबल अथवा डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सचा, तिसरा इंटरनेटवरील मालिका-चित्रपट दाखविणाऱ्या स्टिकचा किंवा ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या बॉक्सचा आणि हौसेने साउंडबार घेतला असेल तर चौथा त्याचा. प्लास्टिकचे वेष्टण चढवून जपलेल्या या रिमोटपैकी कोणता कधी उचलायचा, हे घरातील तरुणांच्या अंगवळणी पडले आहे. दुपारी घरी एकट्या असलेल्या आजी-आजोबांना मात्र एक चुकीचे बटण दाबले गेले, की पडदा निळा होऊन 'नो सिग्नल' एवढीच अक्षरे दिसतात आणि संध्याकाळी कोणीतरी घरी परतेपर्यंत टीव्ही तसाच राहतो.

ही सारी साधने एकत्र जोडून एकाच रिमोटवर चालवता येणार नाहीत काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. तांत्रिकदृष्ट्या त्याचे उत्तर होकारार्थी आहे, तेही जवळपास दोन दशकांपासून. तरीही रिमोटची संख्या वाढतच गेली. त्याची कारणे यंत्रांपेक्षा बाजारपेठेत आणि अपुऱ्या राहिलेल्या नियमांत अधिक सापडतात.

गच्चीवरच्या वायरीपासून

मुंबईत केबलचा प्रारंभ ऐंशीच्या दशकात झाला तो एका व्हीसीआरवरून सोसायटीतील घराघरांत ओढलेल्या वायरींनी. १९९१ चे आखाती युद्ध, त्याच वर्षी आलेल्या स्टारच्या वाहिन्या आणि १९९२ मध्ये सुरू झालेला झी टीव्ही यांनी या व्यवसायाला बळ दिले. गच्चीवरून गच्चीवर वायर नेणारा केबलवाला उपनगरी जीवनाचा भाग झाला. त्या काळी वायर थेट टीव्हीत जात असे. रिमोट एकच होता, तो टीव्हीचा.

दुसरा रिमोट घरात आणला तो धोरणाने. सशर्त प्रवेश प्रणाली, म्हणजेच 'कॅस', मुंबईत २००७ च्या आरंभी लागू झाली, तेव्हा तिची व्याप्ती शहराच्या दक्षिणेकडील भागापुरती होती. उपनगरांवर सेट टॉप बॉक्सची सक्ती आली ती डिजिटायझेशनच्या पहिल्या टप्प्यात. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईत अॅनालॉग केबलचे प्रक्षेपण थांबविण्यात आले आणि बॉक्स नसलेल्या घरांतील पडदे काळे झाले. डीटीएचचा मार्ग २००३ मध्ये डिश टीव्हीने आणि २००६ मध्ये टाटा स्कायने खुला केला होताच.

तिसरा रिमोट इंटरनेटमुळे आला. हॉटस्टार २०१५ मध्ये, तर नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६ मध्ये भारतात दाखल झाले. २०१७ मध्ये अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक येथे विक्रीस आली. २०१९ च्या सप्टेंबरात जिओने फायबर सेवेसोबत आणि एअरटेलने 'एक्सस्ट्रीम' नावाने आपापले बॉक्स आणले. प्रत्येक नव्या सेवेबरोबर नवे यंत्र आले, जुने मात्र हलले नाही. क्रिकेट, बातम्या आणि रोजच्या मराठी मालिका यांसाठी केबल ठेवायची आणि इतर सर्व गोष्टींसाठी इंटरनेट घ्यायचे, अशी दुहेरी व्यवस्था अनेक कुटुंबांनी स्वीकारली.

तंत्र आहे, मेळ नाही

घरातील बहुतेक जुने रिमोट अवरक्त किरणांवर, म्हणजे इन्फ्रारेडवर चालतात. प्रत्येक बटणासाठी प्रकाशाच्या स्पंदनांची एक सांकेतिक भाषा असते आणि ती कंपनीगणिक बदलते. टीव्हीचा रिमोट दाबून बॉक्स हलत नाही, तो यामुळे. या भाषा एकाच रिमोटला शिकविण्याची कल्पना जुनी आहे. अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या कंपनीने १९८७ मध्ये असा रिमोट बाजारात आणला होता. पुढे लॉजिटेकची 'हार्मनी' ही मालिका जगभर नावाजली गेली, परंतु २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीने हे रिमोट बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले.

दुसरा मार्ग वायरीतूनच जातो. २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय हे मानक आणले. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या या जोडणीत 'सीईसी' नावाच्या निरोपवहनासाठी एक स्वतंत्र तार राखून ठेवलेली आहे. ही सोय चालू असल्यास टीव्हीच्या रिमोटने बॉक्समधील यादी चाळता येते, साउंडबारचा आवाज वाढविता येतो आणि टीव्ही बंद करताच जोडलेली सारी यंत्रे विश्रांती घेतात.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण नावांची. हीच सोय सॅमसंग 'एनीनेट प्लस', एलजी 'सिम्पलिंक', तर सोनी 'ब्राव्हिया सिंक' या नावाने देते. ग्राहकाला ती एकमेकांशी बोलू शकते याचा पत्ताच लागत नाही. दुसरी अडचण अंमलबजावणीची. कोणत्या आज्ञा मानायच्या आणि कोणत्या टाळायच्या, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवितो. त्यामुळे एका घरात जे विनासायास चालते ते शेजारच्या घरात चालत नाही. एखादा बॉक्स मध्येच जागा झाला, की टीव्ही आपोआप त्याच्याकडे वळतो आणि चालू असलेली मालिका नाहीशी होते, हाही अनुभव अनेकांना येतो. तिसरी अडचण स्वस्त सेट टॉप बॉक्सची. जुन्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरीने जोडलेल्या बॉक्सला सीईसीचा काहीही उपयोग नसतो.

यात विजेचाही हिशेब आहे. टीव्ही बंद केला म्हणजे बॉक्स बंद झाला, असे होत नाही. बंद दिसणारा बॉक्स १० वॅट वीज घेतो असे धरले, तर वर्षभरात ती साडेसत्त्याऐंशी युनिटच्या घरात जाते. मग ती वीज अदानीची असो, टाटाची असो की मुलुंडकरांना मिळणारी महावितरणची. देयक ग्राहकालाच भरावे लागते.

'सर्व काही एकात', पण कोणाच्या हाती?

ग्राहकाची ही डोकेदुखी कंपन्यांनी हेरली नसती तरच नवल. टाटा स्कायने (२०२२ पासून टाटा प्ले) २०२० च्या जानेवारीत 'बिंज प्लस' हा बॉक्स आणला. त्यात उपग्रह वाहिन्या आणि इंटरनेटवरील कार्यक्रम एकाच रिमोटवर मिळू लागले. एअरटेलचा बॉक्स त्याच धर्तीचा होता. स्वतंत्रपणे घेतलेल्या अनेक सदस्यत्वांऐवजी एक मासिक रक्कम, एक देयक आणि एक रिमोट, ही मांडणी आकर्षक आहे. वृद्धांच्या दृष्टीने तर ती वरदानच ठरावी.

मात्र या सोयीची दुसरी बाजू तपासून पाहिली पाहिजे. अशा बॉक्समधील उपग्रह वाहिन्यांचा भाग त्याच कंपनीच्या सदस्यत्वाला बांधलेला असतो. कंपनी बदलली, की बॉक्सचा तो भाग निरुपयोगी होतो. काही योजनांत तर बॉक्स कंपनीच्याच मालकीचा असून सेवा सोडताना तो परत करावा लागतो. पडदा उजळताच प्रथम कोणते कार्यक्रम दिसावेत, रिमोटवर कोणत्या सेवेचे स्वतंत्र बटण असावे, हे ग्राहक ठरवीत नाही. रिमोटवरील ती बटणे ही या व्यवसायातील मोक्याची जागा आहे.

ही जागा किती मोलाची आहे, याचा प्रत्यय २०२५ मध्ये आला. स्मार्ट टीव्हीवरील अँड्रॉइड प्रणालीच्या अटींबाबत भारतीय स्पर्धा आयोगापुढे चाललेले प्रकरण गुगलने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये २० कोटी २४ लाख रुपये भरून तडजोडीने मिटविले आणि आपली अॅपची बाजारपेठ टीव्ही उत्पादकांना स्वतंत्र परवान्याने देण्याचे मान्य केले. त्याआधी फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांचे 'जिओहॉटस्टार' झाले होते. सेवांची संख्या घटते आहे, ही रिमोटच्या दृष्टीने बरी बातमी. पण निवड घटते आहे, ही तिचीच दुसरी बाजू.

मोबाइलला जमले, बॉक्सला का नाही?

२० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. क्रमांक ग्राहकाचा, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले. सेट टॉप बॉक्सच्या बाबतीत तेच तत्त्व कागदावर त्याहून जुने आहे. २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक सूचनांतच बॉक्स खुल्या मानकांचा आणि परस्परांशी जुळणारा असावा, अशी अट होती. प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीचे मॉड्यूल शोधून बसविण्यापेक्षा नवी जोडणी घेणे ग्राहकाला सोपे पडत असे. प्रत्येक कंपनीचे संकेत खुले करण्याचे कुलूप आणि चित्र आकुंचित करण्याची पद्धतही निराळी. परिणामी, जुने बॉक्स माळ्यावर जाऊन पडले.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अर्थात ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये या विषयावर स्पष्ट शिफारशी केल्या. केबलचा बॉक्स कोणत्याही केबल कंपनीबरोबर आणि डीटीएचचा कोणत्याही डीटीएच कंपनीबरोबर चालावा, यूएसबीसारख्या छोट्या जोडणीवर कंपनीचे कुलूप बसवावे आणि देशात विकल्या जाणाऱ्या डिजिटल टीव्ही संचांतही तशी खाच असावी, असा त्यांचा आशय होता. ही व्यवस्था अमलात आली असती, तर बॉक्सची गरजच संपून वाहिन्या थेट टीव्हीत आणि म्हणून टीव्हीच्या रिमोटवर आल्या असत्या. ग्राहकाच्या घरात दिसेल असा बदल त्यानंतर झालेला नाही. भारतीय मानक ब्युरोने अंतर्गत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी 'आयएस १८११२ : २०२२' हे मानक तयार केले, पण त्याचा लाभ दूरदर्शनच्या फ्री डिशसारख्या मोफत वाहिन्यांपुरता आहे.

हा प्रश्न केवळ येथला नाही. अमेरिकेत केबल ग्राहकाला स्वतःचा बॉक्स वापरता यावा यासाठी 'केबलकार्ड'चा प्रयोग झाला, परंतु तो रुजला नाही. २०१६ मध्ये तेथील नियामकाने मांडलेला 'बॉक्स खुला करा' हा प्रस्तावही मताला न येताच बारगळला. तेथेही विरोध झाला तो कंपन्यांकडून.

आपल्याकडे अधिकारांची विभागणी ही आणखी एक अडचण. केबल आणि डीटीएच ट्रायच्या कक्षेत, टीव्ही संचाची मानके ब्युरोकडे, तर इंटरनेटवरील कार्यक्रमांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू. या तिन्हींच्या सांध्यावर, म्हणजे दिवाणखान्यातील टेबलावर, नेमके लक्ष कोणाचेच नाही.

या विलंबाची झळ कंपन्यांनाही बसू लागली आहे. सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७ कोटी १० लाख होते. मार्च २०२५ पर्यंत ते सुमारे ५ कोटी ७० लाखांवर आले. बॉक्स बांधून ठेवल्याने ग्राहक बांधला जात नाही, हे यातून दिसते. उपनगरांतील अनेक केबलचालकांनी हे ओळखून त्याच वाटेने फायबर इंटरनेट देण्यास सुरुवात केली आहे.

तूर्त काय करता येईल?

धोरण बदलेपर्यंत ग्राहकाच्या हाती काही उपाय आहेत. पहिला, टीव्ही आणि बॉक्स या दोन्हींच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसीची सोय, तिचे नाव काहीही असो, चालू करून पाहणे. साउंडबार असल्यास तो टीव्हीच्या 'एआरसी' असे लिहिलेल्या खाचेत जोडावा.

दुसरा उपाय बहुतेकांच्या हातात असूनही दुर्लक्षित राहतो. अनेक केबल आणि डीटीएच रिमोटवर टीव्हीसाठी चार-पाच बटणे वेगळी दिलेली असतात. टीव्हीचा रिमोट समोरासमोर धरून त्यांना चालू-बंद आणि आवाज शिकविता येतो. कृती रिमोटगणिक निराळी असते. केबलचालकाच्या माणसाकडून ती करून घ्यावी.

तिसरा, खरेदीपूर्वी मोजणी करणे. टीव्ही स्वतःच स्मार्ट असेल, तर वेगळ्या स्टिकची गरज आहे काय, हे पाहावे. स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणारे 'सर्व कामांचे' रिमोट इन्फ्रारेडवर चालतात, तर फायर टीव्हीसारख्या स्टिक ब्लूटूथवर. त्यामुळे असा रिमोट घेऊन तेथे उपयोग होत नाही. नवी सेवा घेताना बॉक्स कोणाच्या मालकीचा आणि सेवा सोडल्यावर त्याचे काय, हे लेखी विचारून घ्यावे.

हे उपाय घरापुरते आहेत. टीव्हीसमोर एकट्या बसलेल्या वृद्धाला आपल्या आवडीची मालिका कोणाच्या मदतीविना लावता यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. ती पूर्ण करणारी तार घराघरांतील एचडीएमआय वायरीत आहे आणि त्यासाठीची शिफारस २०२० पासून सरकारदरबारी आहे. तिच्यावर निर्णय कधी होणार, एवढेच आता विचारायचे उरते.