वही कोणाच्या हातात?



बचत गटांच्या बैठकांना आपण नेहमी जातो. बायका पै-पै जमवतात, कर्जाचे हप्ते चोख फेडतात. पण रोकडवही लिहायची वेळ आली की ती अनेकदा सचिवबाईंच्या नवऱ्याकडे, नाहीतर दहावीतल्या मुलाकडे जाते. हिशेबाच्या नोंदी अद्ययावत ठेवणे हे गटांच्या पंचसूत्रीतले एक सूत्र. ते पाळले जाते, पण दुसऱ्याच्या अक्षरात. मग कर्ज कोणाला द्यायचे यातही वही लिहिणाऱ्याचाच शब्द चालू लागतो.

तुटपुंज्या पगारात महिना निभावून नेणाऱ्या बाईलाच ‘तुला आकड्यातले काय कळते’ असे ऐकावे लागते. मुलीला कॉमर्सला घालतात तेही बहुधा लग्न ठरेपर्यंत. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या आर. शिवभोगम १९३३ साली देशातल्या पहिल्या महिला लेखापाल झाल्या, याला नव्वद वर्षे उलटून गेली!

सी.ए.ची वाट लांबची आहे. परीक्षांइतकीच आर्टिकलशिप अवघड जाते. २०२३ पासून ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली, तरी ऑडिटसाठी परगावी जाणे आणि रात्री उशिरा परतणे आहेच. घरचे मुलीला अडवतात ते इथे.

सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेविषयी मात्र आपल्या कार्यकर्त्याही फारसे बोलत नाहीत. कोणत्याही शाखेची पदवीधर तिला बसू शकते, मग ती बी.ए. झालेली सून का असेना. पुढे अनुभवाच्या अटी पूर्ण करून लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर नाव लागले की पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था यांचे लेखापरीक्षण करता येते. २०१३ च्या कायदादुरुस्तीनंतर लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेला आहे. म्हणजे महिला पतसंस्थेच्या सभासदांनी ठरवले तर तपासायला बाई येऊ शकते.

नुसत्या टॅलीच्या कोर्सवर थांबू नये असे आम्हाला वाटते. दुकानात नोकरी मिळते, पण अनेकींना नेमणूकपत्र नसते, आणि जीएसटीची तारीख जवळ आली की घरी जायची वेळ ठरलेली नसते.

आणि आपल्या संघटनांचे काय? मोर्चाच्या घोषणा आपण लिहितो, जमाखर्च मात्र बाहेरच्या ‘सरां’कडे पाठवतो.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने कळवावे: तुमची वही कोण लिहिते? आणि या परीक्षेला बसू इच्छिणाऱ्या पदवीधर मुली तुमच्याकडे किती आहेत?