१३.९ मिलिमीटरची हुकूमशाही

सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या ट्रॉम्बोनवादकाला विचारा, हेच वाद्य का निवडलंत? तो स्वराची ऊब, सरकत्या नळीची सफाई, पितळेची जाडी यांवर तासभर बोलेल. त्यातलं एक अक्षरही खोटं नसेल. तरी माझं म्हणणं असं, की ही निवड बरीचशी नावापुरती आहे. खरी निवड त्याच्यासाठी आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे जोसेफ अलेसी एडवर्ड्सचा ट्रॉम्बोन वाजवतात. कॉनच्या ८८एचसीएल मॉडेलमधलं ‘सीएल’ म्हणजे ख्रिश्चन लिंडबर्ग. कुणी बाखचं ४२ मॉडेल घेतं. नावं वेगळी, पण सरकत्या नळीचा आतला व्यास तिन्हींचा एकच: ०.५४७ इंच, म्हणजे १३.९ मिलिमीटर. जगभरच्या बहुतेक ऑर्केस्ट्रांत टेनर ट्रॉम्बोनचं हेच माप.

हे नेहमीच असं नव्हतं. फ्रेंच वादकांच्या ट्रॉम्बोनची नळी साधारण साडेअकरा मिलिमीटरची असायची. ब्रिटिश वाद्यंही अशीच सडपातळ. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद अमेरिकन वाद्यांनी त्यांना हळूहळू हद्दपार केलं.

दोन-अडीच मिलिमीटरनं काय बिघडतं? नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. अरुंद नळीचा ट्रॉम्बोन मध्यम जोरातही झळाळून उठतो. रुंद नळीतून तीच झळाळी काढायची तर खूप जास्त जोर लावावा लागतो, आणि मग पुढच्या बासरी-क्लॅरिनेटवाल्यांच्या कानांचं काय होतं ते त्यांनाच विचारा. त्यांच्या डोक्यामागे पारदर्शक प्लास्टिकच्या ढाली उगाच उभ्या करत नाहीत.

रावेलचं ‘बोलेरो’ १९२८ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजलं. त्यातला ट्रॉम्बोनचा एकल तुकडा टिपेच्या स्वरांत आहे. घसरत, लाडिक, थोडा चावट. तो त्या काळच्या फ्रेंच वाद्याच्या गळ्यातला आहे. आज तोच तुकडा रुंद वाद्यावर वाजवताना भलेभले घामाघूम होतात, आणि आपण म्हणतो, केवढं अवघड लिहून ठेवलंय!

यात वादकाचा दोष नाही. नोकरी हवी तर पडद्याआड ऑडिशन द्यायची. तिथे मोत्झार्टचं ‘रेक्विएम’ (१७९१), रोसिनीचं ‘विल्यम टेल’ (१८२९) आणि ‘बोलेरो’ बहुधा एकाच वाद्यावर वाजवायचं. शेजारच्या दोघांच्या स्वरात आपला स्वर मिसळला नाही, तर घरचा रस्ता. अशा वेळी वेगळं वाद्य उचलण्याची चैन कोण करेल? जॅझमध्ये हा जाच नव्हता. जे. जे. जॉन्सन १२.९ मिलिमीटरच्या किंग ३बीवर खुशाल वाजवत होते.

यावर ठरलेलं उत्तर असतं: सभागृहं मोठी झाली, बाकीची वाद्यंही दणदणीत झाली, आणि ब्राम्स-वाग्नरला रुंद स्वरच शोभतो. शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जर्मन ट्रॉम्बोन पूर्वीपासून रुंदच होते. पण जर्मन संगीताला शोभणारा अंगरखा फ्रेंच संगीताला का चढवायचा? आवाज वाढला म्हणून आणखी जाड आवाज हा युक्तिवाद तर डीजेच्या भिंतींसमोर राहणाऱ्यांनी तरी ऐकून घेऊ नये.

पर्याय आहे. २००३ साली सुरू झालेला ‘ले सिएक्ल’ हा फ्रेंच ऑर्केस्ट्रा ज्या काळाचं संगीत, त्या काळाचीच वाद्यं वापरतो. मोठ्या, श्रीमंत ऑर्केस्ट्रांना अरुंद नळीच्या तीन ट्रॉम्बोनांचा संच परवडत नाही, हे मला पटणारं नाही. त्यांनी तो विकत घ्यावा, वादकांना सरावाला वेळ द्यावा आणि ऑडिशनमध्ये वाद्य बदलण्याची मुभा द्यावी.

तोवर तुम्ही एक करा. हेडफोन लावा. ‘ले सिएक्ल’चं ‘बोलेरो’ ऐका, मग कुठल्याही बड्या ऑर्केस्ट्राचं. दोन्हींत ट्रॉम्बोन येईपर्यंत थांबा. आपल्याकडून काय काढून घेतलंय, ते कानच सांगतील.