गाडी साठ लाखांची, आवाज मात्र बेताचा

नागपूर : कळमन्याच्या बाजार आवारात दिवस उजाडतो तोच आवाजाने. संत्र्यांच्या ढिगांभोवती रंगलेले लिलाव, मालमोटारींचे भोंगे, हमालांच्या हाका आणि जवळच्या रुळांवरून धडधडत जाणाऱ्या मालगाड्या. या गजबजाटातून बाहेर पडून विद्युत मोटारीचे दार ओढून घेतले की एकाएकी शांतता पसरते. आलिशान विद्युत मोटारीचा ग्राहक पन्नास-साठ लाख रुपये मोजतो, त्यात या शांततेचाही वाटा असतो. मात्र गाणे सुरू होताच अनेकांचा हिरमोड होतो. ठेका घुमतो, गायकाचे शब्द गढूळ वाटतात आणि समृद्धी महामार्गावर वेग शंभरच्या पुढे गेला की उरलासुरला गोडवाही टायरच्या घरघरीत विरून जातो. कारखान्यातून बसवून आलेल्या ध्वनियंत्रणेविषयीची ही तक्रार आज जगभरातील विद्युत मोटारींचे मालक करीत आहेत.

वरकरणी ही श्रीमंतांची कुरकुर वाटेल. परंतु या कुरकुरीच्या तळाशी सर्वांशी संबंधित असे प्रश्न दडलेले आहेत. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात बदल करण्याचा अधिकार कोणाचा? बदल केल्यास हमी आणि विमा यांचे काय होते? आणि पिढ्यान्‌पिढ्या मोटारींत टेप, रेडिओ व स्पीकर बसवून पोट भरणाऱ्या कारागिराला या नव्या गाडीत स्थान आहे काय?

शांततेची दुसरी बाजू

पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत इंजिनाचा सततचा गुरगुराट इतर बारीकसारीक आवाज झाकून टाकतो. विद्युत मोटारीत हे पांघरूण नसते. त्यामुळे टायरचा, वाऱ्याचा आणि आतील प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या कंपनाचा आवाज उघडा पडतो. टायरमधील हवेच्या पोकळीचा घुमारा साधारण २०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. पुरुषी आवाजाचा भरदारपणा, तबल्याचा बायाँ आणि तंबोऱ्याचा खर्ज यांचा मुक्कामही त्याच परिसरात. म्हणजे नेमका संगीताचा पाया या घुमाऱ्याखाली दबतो.

नागपूरकरांसाठी ही अडचण अधिक तीव्र आहे. शहरातील अनेक प्रमुख रस्ते सिमेंटचे झाले आहेत आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही प्रामुख्याने काँक्रीटचाच आहे. असे रस्ते टिकाऊ असले, तरी डांबरी रस्त्यांच्या तुलनेत त्यांवर टायरचा आवाज सहसा जास्त येतो. चालक मग आवाज वाढवतो. येथे प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी दर तीन डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती अवघ्या चार तासांवर येते. या पातळीवर गाणी ऐकत मुंबई गाठणारा प्रवासी आठवड्याची मर्यादा साधारण अर्ध्या वाटेतच संपवतो.

नावे अनेक, घराणे एक

आलिशान मोटारीच्या जाहिरातीत ध्वनियंत्रणेच्या नाममुद्रेला आता मानाचे पान असते. स्पीकरच्या जाळीवर कोरलेले नाव पाहून ग्राहक आश्वस्त होतो. परंतु या बाजारपेठेची रचना पाहिली तर वेगळेच चित्र दिसते. हरमन या कंपनीकडे हरमन कार्डन आणि जेबीएल ही नावे पूर्वीपासूनच आहेत. २०१५ मध्ये तिने बँग अँड ओलुफसेनचा मोटारींसाठीचा ध्वनिव्यवसाय घेतला. २०१७ मध्ये सॅमसंगने सुमारे आठ अब्ज डॉलर मोजून हरमनच विकत घेतली आणि २०२५ मध्ये बॉवर्स अँड विल्किन्स हे नावही याच छत्राखाली आले. वेगवेगळ्या मोटारींवर झळकणाऱ्या प्रतिस्पर्धी भासणाऱ्या पाट्यांपैकी अनेकांचे घराणे असे एकच आहे. या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळच्या चाकणलाही आहे.

याचा अर्थ ही सर्व यंत्रणा सारखीच किंवा सुमार असते, असा नव्हे. एकाच कंपनीचे अभियंते मोटार उत्पादकाने दिलेल्या खर्चाच्या, वजनाच्या आणि जागेच्या चौकटीत काम करतात आणि अंतिम दर्जा ही चौकटच ठरवते. विद्युत मोटारीत प्रत्येक किलो वजन पल्ल्याच्या हिशेबात धरले जाते. त्यामुळे हलके चुंबक, पातळ पडदे आणि लहान पेट्या यांकडे कल असतो. स्पीकरच्या संख्येचेही तसेच. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या विद्युत मोटारींच्या वरच्या श्रेणीत, ३० लाखांच्या आसपासच्या किमतीत, १६ स्पीकर मिळू लागले. संख्या हा आता आलिशानपणाचा पुरावा राहिलेला नाही. चार स्पीकर योग्य जागी आणि योग्य जुळणीने बसवले, तर ते चुकीच्या जुळणीच्या सोळांना भारी पडू शकतात.

आधी बिनखर्चाचे उपाय

या क्षेत्रातील पहिला नियम असा, की पाकीट उघडण्यापूर्वी गाडीतील जुळणी तपासावी. ब्लूटूथवरून येणारे संगीत दाबून, काही तपशील वगळून पाठवले जाते. तेच गाणे चांगल्या प्रतीत यूएसबी तारेतून ऐकल्यास फरक जाणवतो. उजव्या बाजूच्या चालकाला उजव्या दारातील स्पीकर जवळ आणि डाव्या दारातील दूर पडतो. हे अंतर ६० सेंटिमीटरने जास्त असेल, तर डावीकडचा ध्वनी सुमारे पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायक समोर उभा असल्याचा भास मोडतो. अनेक गाड्यांत श्रोत्याचे आसन निवडण्याची सोय असते, ती बहुतेकांनी उघडूनही पाहिलेली नसते. टायरमधील हवेचा दाब शिफारशीपेक्षा जास्त असेल, तर तो कमी केल्यानेही घरघर घटते.

त्यानंतरची पायरी दारांची. दाराचा पत्रा हीच स्पीकरची पेटी असते. पातळ पत्रा स्वतःच थरथरू लागला, तर कितीही महाग स्पीकर व्यर्थ. पत्र्यावर कंपन शोषणारे थर चिकटवणे हा कमी जोखमीचा आणि बहुधा सर्वाधिक गुण देणारा उपाय. मात्र नागपूरचा उन्हाळा येथे परीक्षा घेतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीचे अंतरंग त्याहून कितीतरी तापते. डांबरयुक्त स्वस्त थर अशा वेळी पाघळतात, वास सोडतात आणि दाराच्या यंत्रणेवर गळतात. ब्युटाइल रबराचे थर महाग असले, तरी येथे तेच टिकतात.

नारंगी तारेची लक्ष्मणरेषा

खरी गुंतागुंत याच्या पुढे सुरू होते. जुन्या मोटारीत समोरचा टेप काढून नवा बसवणे हे तासाभराचे काम होते. आलिशान विद्युत मोटारीत समोरचा पडदा वातानुकूलन, आसने, कॅमेरे आणि चार्जिंग असे सारे हाताळतो, त्यामुळे तो बदलण्याचा विचारच सोडावा लागतो. संगीताचे संकेतही साध्या तारेतून न जाता अनेकदा संगणकीय जाळ्यातून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जातात. वाहन मागे घेतानाच्या सूचना, पट्टा न लावल्याचा इशारा आणि काही गाड्यांत रस्त्याचा आवाज उलट लहरींनी मारणारी योजना याच स्पीकरवर अवलंबून असते. मूळ स्पीकर बदलले की ही सारी गणिते बिघडू शकतात. जाणकार कारागीर म्हणूनच मूळ तारा न कापता, जोडणीच्या खटक्यात बसणारी मधली तार वापरून, ध्वनिसंस्कार करणारे वेगळे यंत्र व अ‍ॅम्प्लिफायर जोडतात. उद्या गाडी विकायची झाली, तर ते काढून मूळ स्थिती परत आणता येते.

विजेचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. चढ्या आवाजात ५०० वॉट खेचणारा अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या जाळ्यातून ४० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. विद्युत मोटारीत अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतील चारशे-आठशे व्होल्टचा दाब उतरवून देणारा परिवर्तक १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरत असतो आणि त्याची क्षमता ठरलेली असते. गाडी बंद केल्यावरही नवा अ‍ॅम्प्लिफायर झोपी गेला नाही, तर ही छोटी बॅटरी उतरते. मग मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पल्ला घटण्याची भीती मात्र अवाजवी आहे. नेहमीच्या आवाजात यंत्रणा सरासरी शंभर वॉट खाते असे धरले, तरी मुंबईपर्यंतच्या आठ तासांत पाऊण युनिटच्या आसपास वीज जाईल, म्हणजे चार किलोमीटर धावण्याइतकी. वातानुकूलन याच्या कितीतरी पट वीज घेते.

सर्वांत महत्त्वाचा इशारा रंगाचा आहे. उच्च दाबाच्या तारा ओळखू याव्यात म्हणून त्या नारंगी रंगाच्या ठेवण्याचा प्रघात आहे. संत्रानगरीत हा रंग आपुलकीचा असला, तरी विद्युत मोटारीच्या पोटात तो प्राणघातक ठरू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरसाठी भोक पाडताना किंवा जमिनीखालून तार ओढताना त्या तारांच्या आसपासही हत्यार जाता कामा नये. हे ज्ञान नसलेल्या हाती अशी गाडी सोपवणे म्हणजे विषाची परीक्षा.

हमी, विमा आणि आयोग

यंत्रणेत बदल केल्याने गाडीची सगळी हमी आपोआप बुडते, असा समज आहे. व्यवहारात प्रश्न हमीपत्रातील अटींचा आणि बिघाडाच्या कारणाचा असतो. नव्या जोडणीमुळे विद्युत जाळ्यात दोष उद्भवला असे दाखवता आले, तर त्या भागाचा दावा अडतो. म्हणून मूळ यंत्रणेतच दोष असेल, म्हणजे एखादा स्पीकर मुका असेल किंवा दार खडखडत असेल, तर ती तक्रार बदलांपूर्वीच सेवा केंद्राच्या जॉबकार्डवर लेखी नोंदवून घेणे शहाणपणाचे.

विम्याचेही तसेच. कारखान्याबाहेर बसवलेली विद्युत उपकरणे मूळ पॉलिसीत आपोआप समाविष्ट होत नाहीत. त्यांचे मूल्य जाहीर करून वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. त्यासाठी परंपरेने मूल्याच्या चार टक्के हप्ता आकारला जातो. दोन लाखांच्या यंत्रणेस तो आठ हजार रुपये होईल, कर वेगळा. करांतही विसंगती आहे. विद्युत मोटारीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के. वरची ध्वनियंत्रणा गाडीच्याच बिलात घेतली तर तिलाही हाच दर लागतो, बाहेरून घेतलेल्या स्पीकरवर मात्र १८ टक्के पडतात. खरेदीपूर्वीच शोरूममध्ये आपली गाणी घेऊन जाऊन, गाडी रस्त्यावर चालवून ऐकण्याचा आग्रह धरणे म्हणूनच फायद्याचे.

दाद मागायची झाल्यास २०२१ च्या नियमांनुसार मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जावे लागते. राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपुरात असल्याने येथील ग्राहकाला मुंबईची वारी करावी लागत नाही. अर्थात ‘आवाज मनाजोगता नाही’ ही तक्रार तेथे टिकणे अवघड. जाहिरातीत सांगितलेले प्रत्यक्षात मिळाले नाही, हे सिद्ध करता आले पाहिजे.

कारागिराचे काय?

राज्य सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग विद्युत मोटारींवर सहा टक्के कराचा प्रस्ताव मांडला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात जाहीर केले. धोरणकर्त्यांचा कल अशा गाड्या वाढाव्यात असाच आहे, हे यातून स्पष्ट होते. नागपूरचा तर या वाहनांशी जुना परिचय. मे २०१७ मध्ये विद्युत टॅक्सींचा देशातील एक मोठा प्रयोग याच शहरात सुरू झाला आणि चार्जिंगच्या रांगांपुढे तो टिकला नाही. गाडी आणून भागत नाही, तिच्या भोवतीची व्यवस्थाही उभारावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

ध्वनियंत्रणेचा प्रश्न त्याच धड्याची पुढची ओळ आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश होता. परंतु जोडणीचे नकाशे आणि तपासणीची सॉफ्टवेअरे उत्पादकांच्या कुलपात राहिली, तर हा हक्क कागदावरच राहील. वाहनाच्या बाजूने पाहता कुलपामागे कारणही आहे, कारण उच्च दाबाशी खेळ होऊ नये ही चिंता रास्त आहे. त्यावर उत्तर म्हणजे प्रशिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून उच्च दाबाच्या सुरक्षिततेचा छोटा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र मिळाले, तर गल्लीतील हुशार ऑटो इलेक्ट्रिशियनला या गाड्यांवर अधिकृतपणे हात ठेवता येईल आणि ग्राहकालाही एकाच दुकानाच्या दारात ताटकळावे लागणार नाही.

कळमन्याच्या लिलावात माल पाहून, पारखून, मगच बोली लागते. बोलीनंतर तो माल घेणाऱ्याचा होतो आणि तो कसा वापरायचा हे विकणारा सांगत नाही. साठ लाखांच्या गाडीच्या ग्राहकालाही पारखण्याची आणि वापरण्याची एवढी मोकळीक मिळाली, तर पुरे.