कमिशन शून्य झालं, पण भिवंडीपर्यंतचं भाडं कोण भरणार?

एप्रिल २०२५ मध्ये ॲमेझॉनने ३०० रुपयांच्या आतल्या १ कोटी २० लाखांवर वस्तूंचं रेफरल कमिशन शून्य केलं. बातमी चांगलीच होती. आपल्या जत, कवठेमहांकाळ, तासगावकडचे गट पापड, शेवया, बेदाणे, हळद विकतात, त्यातली बहुतेक पाकिटं याच किमतीत बसतात. पण कमिशन हा खर्चाचा एक तुकडा झाला. कंपनीच्या गोदामात माल ठेवून विकायचा असेल, तर गोदामाच्या दारापर्यंतचं भाडं विकणाऱ्याच्याच खिशातून जातं. सांगलीहून पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि भिवंडी त्याच्याही पुढं दीडशे. हा खर्च कुठल्या जाहिरातीत दिसत नाही.

भाडं कमी करायचं म्हटलं की आपण ट्रान्सपोर्टवाल्याशी घासाघीस करायला बसतो. शंभर-दोनशे सुटतात, नाही असं नाही. पण माझ्या मते खरा पैसा खोक्यात आहे.

कसं ते बघा. हलक्या मालाचं भाडं वजनावर लागत नाही, त्यानं अडवलेल्या जागेवर लागतं. कुरिअरवाले बहुतेक लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घ्या. हिशेब येतो ७.२ किलो. आत पापडाची पाव किलोची १६ पाकिटं, म्हणजे खरं वजन ४ किलोच. आता दुकानात तेवढं माप नव्हतं म्हणून ४५ बाय ३५ बाय ३० चं आणलं, माल तेवढाच, वर कागदाचे बोळे कोंबले. हिशेब झाला ९.४५ किलो. समजा किलोला १२ रुपये दर असेल, तर पहिल्या खोक्याला ८६ रुपये ४० पैसे, दुसऱ्याला ११३ रुपये ४० पैसे. एका खोक्यामागं २७ रुपये, पाकिटामागं जवळजवळ एक रुपया सत्तर पैसे, आणि ते हवेचे! ट्रान्सपोर्टच्या पार्ट लोडमध्ये भागाकार वेगळा असतो, कोणी घनफुटावर धरतं. बुकिंगआधी विचारून घ्या. बिल्टीला किमान आकार किती, हेही विचारा. पाच खोकी पाठवली तरी तो भरावाच लागतो.

पॅलेटवर हा फरक आणखी वाढतो. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर खोकी रचून प्लॅस्टिकनं गुंडाळतात, फोर्कलिफ्ट एका दमात उचलते. आपल्याकडं १२० बाय १०० सेंटिमीटरचा पॅलेट सर्रास वापरतात. त्यावर ४० बाय ३० ची खोकी एका थरात बरोबर १० बसतात: ४ एका अंगानं, ६ दुसऱ्या अंगानं, रिकामी बोटभर जागा राहत नाही. ४५ बाय ३५ ची बसतात फक्त ६. चार थर लावले तर ४० विरुद्ध २४. भाडं पॅलेटवर ठरलं असेल तर ते तेवढंच! घरात खडूनं जमिनीवर चौकोन आखा आणि खोकी मांडून बघा, मगच हजार खोक्यांची ऑर्डर द्या.

मात्र दहा-पंधरा खोक्यांसाठी पॅलेट करू नका. त्याचंच वजन पंधरा-वीस किलो, जागा जाते, आणि तो परत मिळेल असं धरून चालू नका.

दुसरा मार्ग एकत्र गाडीचा. तीन गावच्या तीन गटांनी वेगवेगळं पार्ट लोड लावण्यापेक्षा एक पिकअप भरून न्यावी. त्यातही मुंबईकडून माल घेऊन आलेली परतीची गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. कुपवाड एमआयडीसीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडं चौकशी करावी. भाजीच्या गाडीत पापड टाकायचा मोह होतो, पण ओल लागली की माल परत आला म्हणून समजा.

एकत्र गाडीत कागद मात्र प्रत्येकाचा वेगळा. आपलाच माल आपल्याच जीएसटी नंबरवर राज्यातल्या गोदामात जात असेल तर ती विक्री नाही, म्हणून डिलिव्हरी चलन लागतं. ते गोदाम आपल्या जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून आधी दाखवावं लागतं. राज्याच्या आत १ लाखांवरच्या मालाला ई-वे बिल, राज्याबाहेर ५० हजारांवर.

गोदामात वेळ घेऊन जावं लागतं. वेळ चुकली की गाडी बाहेर उभी, आणि ड्रायव्हर हॉल्टिंग मागणारच. लेबल चुकलं तर माल नाकारतात आणि जायचं-यायचं दोन्ही भाडं डोक्यावर बसतं. लेबल घरीच, दिवसाउजेडी, दोघींनी तपासून लावावं.

आणि गोदामात ठेवणं प्रत्येकाला परवडतंच असं नाही. महिन्याला पन्नास-साठ पाकिटं विकत असतील तर घरातूनच ऑर्डर जाऊ द्या. कंपनीचा माणूस येऊन नेतो, वजनाप्रमाणे पैसे कापतो. पण प्रत्येक गावात हा पिकअप येत नाही. आपला पिनकोड टाकून आधी बघा. येत नसेल तर तालुक्याच्या गावी कुणाचा पत्ता धरता येतो का, ते बघावं.

दिवाळीच्या तोंडावर गाड्या मिळत नाहीत, दर चढतात आणि गोदामाची वेळही मिळेनाशी होते. पापड, शेवया टिकणारा माल आहे. तो गणपती उठल्या उठल्या पाठवावा, पण दोन महिन्यांत खपेल एवढाच. जास्त पडून राहिला तर गोदामाचं भाडं चढत जातं.