आईची कंबर दुखतेय? लाइटली घेऊ नका!

आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. चार दिवस रजा टाकली, डिस्चार्ज मिळाला, आपण परत ऑफिसात. आठवड्याने फोनवर ती म्हणते, ‘एका बाजूला कंबर भरून येते गं, थोडी कणकणही आहे.’ आपण म्हणतो, होतं असं, ऑपरेशनच मोठं होतं ना!

जरा थांबा. किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी मूत्रवाहिनी म्हणजे 25 ते 30 सेंटिमीटर लांबीची, स्ट्रॉपेक्षाही बारीक नळी. ती गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते. ती रक्तवाहिनी बांधताना एखादा टाका किंवा कॉटरीची आच हिलाही लागू शकते. चांगल्या सर्जनच्या हातूनही हे होतं आणि बऱ्याचदा टेबलावर लक्षातही येत नाही.

मग कुशीत दुखणं, ताप, पोट फुगणं. किंवा लघवी नेहमीसारखी होते, तरी खालून सतत ओलं! आया हे सांगतच नाहीत, पॅड लावून गप्प बसतात. म्हणून आपणच विचारायचं. मुलग्यांनीसुद्धा.

1869 मध्ये हायडलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोन या सर्जनकडे अशीच एक बाई आली होती. गळती थांबवायला त्यांनी तिची चांगली किडनीच काढून टाकली. ती वाचली, हे विशेष!

आज आधी सीटी स्कॅन करून गळती नेमकी कुठे आहे ते बघतात. मग दुर्बिणीतून, पोट न फाडता, वायरवरून डीजे स्टेंट सरकवतात (पार्टीवाला डीजे नव्हे, डबल जे!). दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी. लघवी तिच्यातून वाहते, जखम भरत जाते. खालून वायर जात नसेल तर पाठीतून, किडनीच्या बाजूने प्रयत्न करतात. नळी पूर्ण तुटली असेल तर मात्र पुन्हा जोडावी लागते. हल्ली तेही लॅपरोस्कोपीने होऊ शकतं.

स्टेंट साधारण दीड-दोन महिने राहतो. तोवर सारखं बाथरूम, कुशीत कळ, कधी लालसर लघवी, हे चालायचंच. खरी भीती तो विसरला जाण्याची. महिनोन् महिने राहिला की त्यावर खडे चढतात आणि तो काढणं हेच नवं ऑपरेशन होतं. काढायची तारीख आजच मोबाइलमध्ये टाका. पुढची सोनोग्राफीसुद्धा, कारण जखमेच्या जागी नळी आकसली तर काहीच न दुखता किडनी फुगत जाऊ शकते.