मिस्त्रीला वगळून कसलं संशोधन?

हल्ली जिल्ह्याजिल्ह्यांत स्टार्टअपचे मेळावे भरतात. मुलं पडद्यावर 'आयडिया' मांडतात, परीक्षक गुण देतात, धनादेशाची भलीमोठी प्रतिकृती धरून फोटो निघतो. पुढच्या खरिपात ते यंत्र कुणाच्या शेतात चाललं, हे मात्र कुणी विचारत नाही.

बुलढाणा जिल्ह्यापुरतं बोलतो. इथं सोयाबीन पावसाच्या भरवशावर. त्यासाठी रुंद वरंबा-सरी पद्धत, म्हणजे बीबीएफ, वर्षानुवर्षे सांगितली जाते. शास्त्र पक्कं आहे. पाऊस जास्त झाला की सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला की वरंब्यात ओल टिकते. मग शेतकरी सपाटच का पेरतो? 'अडाणी आहे' असं उत्तर साहेब लोक देतात, आपल्यातले शिकलेलेही देतात. मला ते अजिबात मान्य नाही.

त्याचे प्रश्न ऐका. वाफसा दोन-चार दिवसांचा आणि ट्रॅक्टर भाड्याचा. काळी माती फणाला चिकटते, बियाण्याची नळी चोंदते. सरीसाठी सोडलेली जागा वाया गेल्यासारखी वाटते. शिवाय अशा वरंब्यावर डवरणीला बैल कसे फिरवायचे? यातला एकही प्रश्न अडाण्याचा नाही. ही गिऱ्हाईकाची तक्रार आहे, आणि ती ऐकल्याशिवाय कुठलीच वस्तू खपत नाही.

ती ऐकतो कोण? खामगाव, चिखली, मेहकरच्या रस्त्यावरचा वेल्डिंगवाला. तो फण सरकवतो, दांडी कापून जोडतो, नळीचा कोन बदलतो. दुसऱ्या दिवशी शेतकरी शिव्या देत परत येतो, तो पुन्हा बदलून देतो. प्रयोगशाळेतली कल्पना विकण्याजोगी होते ती इथं. पण त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

या दुकानांत, गॅरेजांत, लेथवर आपली माणसं पुष्कळ. मुस्लिमांत स्वयंरोजगार मोठा, पण बँकेचं कर्ज त्या मानानं तोकडं, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच लिहून ठेवलंय. वर 'पंक्चरवाले' ही शिवी आहेच. लोखंडी नांगर बाजारात आणणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, त्यांची सुरुवातही बेळगावच्या सायकल दुकानातूनच झाली. त्यांना कुणी पंक्चरवाला म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आपल्या जलशांत तरी या हुनराबद्दल काय बोललं जातं? नोकरीच्या मागण्या होतात, त्या रास्तच आहेत, पण लेथवरच्या उस्तादाला मंचावर बोलावल्याचं मी पाहिलेलं नाही.

सरकारचंही तेच. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार, सुतार, शिंपी आहेत. वेल्डर, लेथवाला नाही. कापसाच्या या मुलखात पिंजारीसुद्धा नाही!

विद्यापीठांना जमतच नाही असं नव्हे. शेजारच्या अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली. तूर स्वस्तात विकायची आणि डाळ महागात आणायची, हे दुखणं प्रत्येक घराला ठाऊक होतं. यंत्र एका खोलीत मावतं, बचत गटाच्या बायका ते चालवतात, आणि रोलर, पट्टा, चाळणी बिघडली तर दुरुस्तीला दूर जावं लागत नाही. म्हणून ते प्रदर्शनातून बाहेर पडलं.

तेव्हा मागणी साधी आहे. यंत्राचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याला एक अख्खा खरीप वेल्डिंगच्या दुकानात बसवा. यंत्रं बनवण्याचा परवाना मोठ्या कारखान्याइतकाच त्या दुकानालाही द्या, आणि त्यानं केलेल्या बदलाखाली त्याचं नाव लिहा. यंदाच्या मेळाव्यात परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एक मिस्त्रीला द्या, दुसरी भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरणाऱ्याला. तिसरीवर साहेब बसले तरी आमची हरकत नाही.