विश्लेषण : सीटी स्कॅन नसेल तर पेल्व्हिसचे फ्रॅक्चर साध्या एक्स-रेवर ओळखता येते?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. गावाकडे अपघातातील जखमी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचतो. तिथे एक्स-रे यंत्र असते. सीटी स्कॅन आणि रक्तपेढी बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी. कमरेखाली मार बसलेल्या रुग्णाबाबत या एका एक्स-रेवर किती विसंबता येते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हे फ्रॅक्चर जीवघेणे का?

कमरेची दोन मोठी हाडे आणि मागचे त्रिकास्थी मिळून एक कडे तयार होते. यालाच पेल्व्हिस म्हणतात. काचेची बांगडी दाबली तर ती सहसा एकाच जागी मोडत नाही. पेल्व्हिसचेही तसेच असते. पुढे हाड मोडलेले दिसले, तर मागेही काही तुटले किंवा उसवले असण्याची शक्यता मोठी. कडे उघडले की आतली पोकळी वाढते आणि शिरांतून व हाडांतून वाहणारे रक्त तिथे साठत जाते. बाहेर थेंबही दिसत नाही, पण रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो.

एका एक्स-रेवर काय कळते?

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या ‘एटीएलएस’ या प्रशिक्षणक्रमात गंभीर जखमींच्या सुरुवातीच्या तपासणीतच छाती आणि पेल्व्हिसच्या एक्स-रेला स्थान आहे. रुग्णाला उताणे ठेवून समोरून काढलेल्या या फिल्ममध्ये डॉक्टर आधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते पाहतात. एक बाजू वर सरकली आहे का? मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत आहे का? पुढच्या सांध्यातील फट किती? प्रौढांमध्ये ही फट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर अस्थिबंध तुटल्याचा संशय घेतला जातो.

रुग्ण स्थिरावल्यावर यंत्राची नळी तिरकी करून आणखी दोन कोनांतून फिल्म काढता येतात. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण १९७१ मध्ये तपासला गेला. खुब्याच्या वाटीच्या फ्रॅक्चरचे आजही वापरले जाणारे वर्गीकरण फ्रान्सच्या जुदे आणि लेतूर्नेल यांनी त्याआधीच, १९६४ मध्ये, साध्या एक्स-रेच्या आधारे मांडले होते.

काय निसटते?

सर्वात जास्त निसटते ते मागचे. आतड्यांतील वायू आणि मळाच्या सावलीत त्रिकास्थीची भेग लपते. वृद्धांची हाडे विरळ झालेली असल्याने तडा आणखी अस्पष्ट दिसतो. घरात घसरून पडलेल्या आजींचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, पण पाय टेकवत नाही, तर त्यांना घरी पाठवणे धोक्याचे. त्यांना पुढील तपासणीची गरज असते.

दुसरी फसगत पट्ट्यामुळे होते. कंबर आवळून बांधलेली असताना काढलेल्या फिल्ममध्ये उघडलेले कडे जुळलेले दिसू शकते. त्यामुळे अशा फिल्मवरून दुखापत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग ग्रामीण रुग्णालयाने काय करावे?

जोराचा मार आणि शॉकची लक्षणे असतील, तर एक्स-रेची वाट न पाहता पेल्व्हिस बांधावे. खास पट्टा नसेल तर घडी केलेली चादर चालते. ती पोटावर बांधून उपयोग नाही. मांडीच्या हाडाचा बाहेरून हाताला लागणारा उंचवटा जिथे असतो, त्या पातळीवर हवी. गुडघेही एकत्र बांधावेत. हाड हलते का हे पाहण्यासाठी कंबर दाबू वा हलवू नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

एक्स-रेवर कडे मोडलेले दिसले, तर १०८ रुग्णवाहिका बोलावतानाच पुढच्या रुग्णालयाला रक्ताची तयारी ठेवण्यास सांगता येते. फिल्म मोबाइलवरून तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवता येते. मात्र एक्स-रेसाठी रुग्णवाहिका खोळंबता कामा नये. आणि रुग्णाचा रक्तदाब सावरलेला नसेल, तर जिल्हा रुग्णालयातही आधी रक्तस्राव थांबवणे, मग सीटी, हाच क्रम राहतो.

यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. रात्रीही हजर असलेला एक्स-रे तंत्रज्ञ, चालू यंत्र आणि फिल्म वाचण्याचा सराव असलेला वैद्यकीय अधिकारी, एवढे असेल तर जिल्ह्यापर्यंतचा प्रवास रुग्णाला झेपण्याची शक्यता वाढते.